टीबीच्या रुग्णाला समजावून सांगताना: नव्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी

टीबीच्या ओपीडीत डॉक्टरांना वेळ नसतो. एसटीएसच्या, म्हणजे टीबीच्या उपचार पर्यवेक्षकाच्या मागे तालुकाभराची यादी असते. आशाताई टीबीबरोबर लसीकरण, बाळंतपणं आणि सर्वेक्षणंही सांभाळत असतात. निवांत वेळ असतो तो पोस्टिंगवर आलेल्या विद्यार्थ्याला, आणि तो बहुधा कोपऱ्यात उभा राहून सहीची वाट बघत असतो. हा वेळ रुग्णाच्या कामी कसा लावायचा, त्यासाठी हा लेख. दुसऱ्या वर्षापासून इंटर्नपर्यंत कुणालाही तो वापरता येईल. मध्ये एकदोन गोष्टी पीएसएमच्या, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनच्या शिक्षकांसाठीही आहेत.

२४ मार्चला जागतिक क्षयरोग दिनी कॉलेजात रॅली निघते, रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा होतात. व्हाव्यात. पण ज्याच्या हातात आज गोळ्यांचं पाकीट पडलंय, त्याला त्या पोस्टरचा काही उपयोग नसतो. त्याला शेजारी बसून बोलणारं माणूस हवं असतं.

आधी परवानगी, मग एसटीएस

स्वतःच्या उत्साहाने थेट रुग्णाकडे जाऊ नका. कामाची जागा सहसा चारपैकी एक असते: कॉलेजच्या रुग्णालयातलं टीबी केंद्र, शहरी आरोग्य केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, किंवा कुटुंब दत्तक कार्यक्रमात तुमच्या वाट्याला आलेलं गाव. चारही ठिकाणी विभागाची आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची संमती लागते. ग्रामीण भागात जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला आणि शहरात महापालिकेच्या क्षयरोग अधिकाऱ्यांना कल्पना दिलेली असावी. हे काम शिक्षकांनी बॅच येण्याआधीच उरकून ठेवावं, नाहीतर पोस्टिंगचा निम्मा वेळ पत्राच्या मागे धावण्यात जातो.

परवानगी मिळाली की पहिला दिवस एसटीएसबरोबर काढा. शहरात टीबी एचव्ही, म्हणजे टीबीचे हेल्थ व्हिजिटर असतील तर त्यांच्याबरोबर. कोण गोळ्या नेमाने घेतं, कोण दारू पितो, कुणाची सून गोळ्या लपवून खाते, हे सगळं या माणसाला माहीत असतं. त्यांच्याकडून उपचार कार्ड वाचायला शिका. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर रुग्णाची नोंद कशी दिसते ते बघून घ्या. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनाही. त्यामुळे खासगीत औषध घेणारा रुग्णही तुम्हाला या यादीत सापडेल.

या यादीचा फोटो मोबाइलमध्ये काढायचा नाही. रुग्णाबरोबर सेल्फीही नाही, चेहरा झाकूनसुद्धा नाही.

स्वतःची तयारी

एन-९५ मास्क घाला आणि तो नाकावर नीट बसलाय का ते तपासा. बसताना खिडकीजवळ किंवा व्हरांड्यात बसा, वारा तुमच्याकडून रुग्णाकडे जाईल असं. बंद खोलीत पंखा लावून गप्पा मारणं टाळा. मधुमेह असलेल्या, स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा गरोदर असलेल्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांना आधीच सांगावं. त्यांना थुंकीत जंतू सापडलेल्या नव्या रुग्णांजवळ बसवू नये. आणि तुम्हालाच दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळचा ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर तपासणी करून घ्या. परीक्षा जवळ आल्या म्हणून खोकला दडवणारे विद्यार्थी दरवर्षी असतात, आणि ते हॉस्टेलच्या खोलीत तिघांबरोबर झोपतात.

माहितीचं म्हणाल तर पाठ्यपुस्तक पुन्हा उघडायची गरज नाही, पण काही गोष्टी तोंडावर हव्यात. औषधाला दाद देणाऱ्या टीबीत पहिले २ महिने चार औषधं: आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे ४ महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. गोळ्या रोज घ्यायच्या आणि किती घ्यायच्या ते वजनावर ठरतं. दिवसाआड गोळ्यांची जुनी पद्धत २०१७ नंतर मागे पडली, पण घरात पूर्वी कुणाला टीबी झाला असेल तर ते अजून दिवसाआडच सांगतात. रुग्ण गोंधळतो तो तिथेच. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे उपचार वेगळे असतात. तसा रुग्ण समोर आला तर नुसतं ऐका, आणि समजावण्याचं काम त्या केंद्रातल्या डॉक्टरांवर सोडा.

जाण्याआधी जोडीने सराव करा. एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने समजवायचं, आणि तेही इंग्रजी शब्द न वापरता. "बॅक्टेरियल लोड कमी होतो" हे वाक्य मराठीत बोलून बघा, मग कळेल की आपल्यालाच ते नीट समजलेलं नाही. नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोलीत पोस्टिंग असेल तर पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणारी आशाताई सोबत असल्याशिवाय बसू नका. मुंबईत तर निम्मं काम हिंदीतच होईल.

पहिली भेट: आधी विचारा

नवा विद्यार्थी रुग्णासमोर बसला की पहिलं वाक्य येतं, "टीबी हा मायकोबॅक्टेरियममुळे होणारा आजार आहे." हे वाक्य गिळा. आधी नाव विचारा, गाव विचारा, काम काय करता ते विचारा. वयाप्रमाणे काका, मावशी, ताई, दादा म्हणा. 'पेशंट' म्हणून हाक मारू नका. बोलायची तयारी आहे का तेही विचारा, आणि नको म्हणाले तर नमस्कार करून उठा.

मग एवढंच: "डॉक्टरांनी तुम्हाला काय झालंय म्हणून सांगितलं?"

उत्तर बहुतेक वेळा तुमच्या अंदाजापेक्षा वेगळं असतं. रिक्षा चालवणाऱ्या एखाद्या काकांशी संवाद साधारण असा होतो:

"छातीत डाग आहे म्हणाले."

"डाग म्हणजे काय, ते सांगितलं का?"

"ते काय माहीत नाय. सहा महिने गोळ्या आहेत."

"मग सुरू केल्या?"

"पोरीचं लग्न काढलंय मार्गशीर्षात. ते एकदा होऊ दे, मग करू सुरू."

आता इथे जंतूंवर दहा मिनिटं बोललात तरी काही उपयोग नाही, कारण काकांची अडचण लग्नाची आहे. मांडवात गोळ्या कुणी बघितल्या तर? सोयऱ्यांना कळलं तर? त्यांना हे सांगायचं की आज सुरू केल्या तर लग्नापर्यंत खोकला आणि ताप उतरलेला असेल. नीट लागू पडलेल्या औषधाने साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. आणि नाही घेतल्या तर त्याच मांडवात पाहुण्यांमध्ये बसून खोकत राहाल. हे काकांच्या कामाचं आहे, ते ऐकतात.

पहिल्या दिवशी तीनच गोष्टी सांगा, जास्त नाही. हा आजार पूर्ण बरा होतो. गोळ्या रोज घ्यायच्या आणि डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत. त्रास झाला तर गोळी सोडायची नाही, केंद्रावर यायचं किंवा फोन करायचा. बाकीचं पुढच्या भेटींसाठी ठेवा. रुग्ण आधीच घाबरलेला असतो, दहा गोष्टी सांगितल्या तर घरी जाईपर्यंत एकही राहत नाही.

शेवटी विचारा: "आता घरी गेल्यावर वहिनी विचारतील, डॉक्टर काय म्हणाले? तुम्ही काय सांगाल?" मग गप्प बसा आणि ऐका. "समजलं का?" असं विचारलं तर सगळे "हो" म्हणतात, त्यात काही कळत नाही. काका जे सांगतील त्यात जे चुकलं असेल तेवढंच पुन्हा सांगा. माझ्या मते सगळ्या पोस्टिंगमध्ये ही एकच गोष्ट नीट जमली तरी पुरे.

काही साहित्य हवंच असेल तर रुग्णाचं स्वतःचं गोळ्यांचं पाकीट आणि उपचार कार्ड घ्या. पाकिटावर बोट ठेवून आजची गोळी, उद्याची गोळी दाखवता येते.

बेडक्याचा नमुना आणि इतर तपासण्या

निदान व्हायचं असलेल्या माणसाला तुम्ही सर्वात जास्त मदत करू शकता ती बेडका कसा द्यायचा ते शिकवून. लोक डबीत लाळ थुंकून देतात आणि तपासणी वाया जाते. पाण्याने चूळ भरा. उघड्यावर, लोकांपासून लांब उभे राहा. दोनतीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून जोर लावून खोका. घट्ट, पिवळसर असं वर येईल ते डबीत घ्या आणि झाकण घट्ट लावा. बायकांना हे चारचौघांत करायला लाज वाटते. त्यांना जागा शोधून द्या आणि विद्यार्थिनीने सोबत उभं राहावं.

एचआयव्ही आणि साखरेची तपासणी टीबीच्या प्रत्येक रुग्णाची होते. हे आधीच सांगितलं नाही तर एचआयव्हीचं नाव ऐकून माणूस हादरतो, आपल्यावर कुणाला काही संशय आहे असं त्याला वाटतं.

गोळ्यांचा त्रास

रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते. त्या तीन गोष्टींखेरीज हे एक मात्र पहिल्याच दिवशी सांगा. न सांगितल्यामुळे, रक्त पडतंय समजून गोळ्या बंद करणारे रुग्ण असतात. कावीळ झाली की काय, ही दुसरी शंका. डोळे पांढरे असतील, भूक लागत असेल तर लघवीचा तो रंग गोळीचा. डोळे पिवळे दिसले, उलट्या होत असतील, जेवणाची शिसारी आली असेल, तर ती लिव्हरची तक्रार असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर तेही त्याच दिवशी, कारण इथॅम्ब्युटॉलचा परिणाम डोळ्यांवर होतो. हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टर पायरीडॉक्सिन देतात. सांधे दुखणं बहुधा पायराझिनामाइडचं. मळमळ सर्वांत जास्त जणांना होते. अनशेपोटी घेऊन त्रास होत असेल तर हलकं काही खाऊन घेता येतील का, ते केंद्रावर विचारून घ्यावं.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला हे नक्की सांगा की रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, दुसरा उपाय करावा लागतो. हे तिला बहुतेक वेळा कुणीच सांगितलेलं नसतं. सासूसमोर मात्र नाही. एकटी असताना, आणि शक्यतो विद्यार्थिनीने सांगावं.

गोळी बदला, कमी करा, बंद करा असं काहीही तुम्ही सांगायचं नाही. इंटर्न असलात तरी नाही. त्रास ऐकायचा, लिहायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायचा.

घरची माणसं

टीबीचा जंतू हवेतून पसरतो, खोकल्यातून, बोलण्यातून. ताटवाटीतून पसरत नाही. तरी वेगळं ताट, वेगळा तांब्या, ओसरीवर अंथरूण हे आजही होतं. जुन्या लोकांच्या डोक्यात सॅनिटोरियम बसलेलं असतं: मिरजेजवळची वानलेसवाडी, पुण्यातलं औंध, मुंबईतलं शिवडी. टीबी झाला की माणसाला लांब न्यायचं, असा तो काळ होता. पण १९५० च्या दशकात मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की घरी राहून औषध घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधल्यांइतकेच बरे होतात, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही त्यामुळे वाढत नाही. घरी औषध देण्याची जगभरची पद्धत त्यावर उभी राहिली. हे गावातल्या आजोबांना गोष्टीसारखं सांगा, त्यांना आवडतं.

घरच्यांना सांगायचं ते असं: दारं-खिडक्या उघड्या ठेवा, उन्हात बसू द्या, खोकताना तोंडावर रुमाल, सुरुवातीचे आठवडे मास्क, बेडका झाकणाच्या डब्यात. एका ताटात जेवा, नातवाला मांडीवर घ्यायचं ते थोडे दिवस थांबा. अंगावर पाजणाऱ्या आईने मास्क लावून पाजत राहावं. मानेतल्या गाठींचा किंवा मणक्याचा टीबी असेल आणि फुफ्फुसात काही नसेल, तर तो खोकल्यातून दुसऱ्याला होत नाही. अशा मुलीला महिनोन् महिने वेगळं ठेवलेलं दिसतं तेव्हा वाईट वाटतं.

घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी, विशेषतः ५ वर्षांखालच्या मुलांची. टीबी नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक उपचार मिळतात: आयसोनायझिड रोज ६ महिने, किंवा आठवड्यातून एकदा याप्रमाणे १२ आठवडे दोन औषधांचे डोस. "आम्हाला काही झालं नाही, आम्ही का गोळ्या खायच्या?" हा प्रश्न हमखास येतो. जंतू शरीरात झोपून राहू शकतो आणि पुढे कधीही डोकं वर काढतो, एवढं सांगितलं तरी बरेच जण तयार होतात. जे होत नाहीत, त्यांचं नाव एसटीएसला द्या.

घरभेटीला जाताना पांढरा ॲप्रन घालू नका. गल्लीत ॲप्रन शिरला की दहा मिनिटांत वाडीला कळतं कुणाकडे काय आहे. लग्नाचं बघत असलेल्या मुलीच्या घरी तर आशाताई सांगेल त्याच वेळी, ती सांगेल त्याच निमित्ताने जा. शेजाऱ्यांनी विचारलं तर "कुटुंबाचा सर्व्हे आहे" एवढं उत्तर पुरे.

खाणं, वजन आणि पैसे

वजनकाटा बरोबर न्या. दर भेटीत वजन करणं हे विद्यार्थ्याला सहज जमणारं आणि डॉक्टरांच्या अतिशय उपयोगी पडणारं काम आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेशन्स अभ्यासात रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना धान्य पुरवलं, तेव्हा घरातल्यांमध्ये टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. ज्या रुग्णांचं वजन सुरुवातीच्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोकाही कमी दिसला. म्हणजे "चांगलं खा" हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. पण सांगताना घरात काय शिजतं ते विचारून सांगा. फळं आणि प्रोटीन पावडर नको. शेंगदाणे, फुटाणे, डाळ, अंडी, नाचणीची किंवा बाजरीची भाकरी, परवडलं तर सुकट. शेंगदाणे-गूळ जवळपास प्रत्येक घरात असतात.

निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत पैसे थेट खात्यात येतात. २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. पैसे अडकतात ते बहुतेक बँक खात्यापाशी: खातं बंद पडलेलं, आधार न जोडलेलं, किंवा नवऱ्याच्या नावावरचं. पासबुक बघा, अडचण लिहून घ्या आणि केंद्रावर सांगा. एखाद्या ताईंचे अडकलेले पैसे तुमच्या मदतीने आले, तर पुढे त्या तुमचं सगळं ऐकतात.

दोन महिन्यांनंतर

उपचार सुटतात ते बहुधा बरं वाटायला लागल्यावर. खोकला गेला, भूक लागली, माणूस कामावर गेला. मग गोळ्या का घ्यायच्या? म्हणून दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एक भेट ठरवूनच ठेवा. त्या वेळी बेडका पुन्हा तपासला जातो आणि गोळ्या बदलतात, तेव्हा बोलायला निमित्तही असतं. जंतू थोडे उरलेले असतात, आणि अर्धवट औषध मिळालं तर उरलेले जंतू औषधाला सरावतात, हे आता सांगायचं. पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा ते डोक्यात शिरलेलं नसतं.

गोळ्या चुकल्या असतील तर ओरडू नका. ओरडलात की पुढच्या वेळी खोटं सांगतील आणि पाकिटातल्या गोळ्या मोरीत जातील. "या आठवड्यात किती दिवस जमलं?" असं विचारा. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून एका दिवशी दोन दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे सांगा आणि चुकलेले दिवस केंद्रावर कळवा. दारू हा विषय वेगळा. "सोडा" म्हणून कुणी सोडत नाही. गोळ्या आणि दारू दोन्हींचा भार लिव्हरवर पडतो हे सांगायचं, कमी करायला तयार असतील तर डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची, आणि दारू पितात म्हणून गोळ्या बंद करू नका हेही बजावायचं.

मराठवाड्यात काम करत असाल तर ऊसतोडीचं वेळापत्रक माहीत हवं. दिवाळीच्या आसपास बीड, जालना भागातली जोडपी कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरात औषध सुरू झालेला माणूस उपचाराच्या मधोमध दुसऱ्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकात असतो. त्याला आधीच विचारा: यंदा कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण, टोळी कधी निघणार. निक्षय आयडीवर देशात कुठल्याही सरकारी केंद्रात औषध चालू ठेवता येतं. आयडी कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि जोडीदाराच्या मोबाइलमध्येही साठवून ठेवा. १८००-११-६६६६ हा टोल फ्री क्रमांकही त्याच कार्डावर लिहा. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचं आणि मुंबईहून गावी परतणाऱ्यांचंही असंच.

तुमची पोस्टिंग संपते, उपचार संपत नाहीत

इंटर्नशिपमधली कम्युनिटी मेडिसिनची पोस्टिंग साधारण ३ महिन्यांची, आणि तीही अनेकदा तुकड्यांत. त्याआधीच्या वर्षांत तर काही आठवडेच. रुग्णाचा कोर्स किमान ६ महिन्यांचा. म्हणजे एका विद्यार्थ्याने एका रुग्णाला शेवटपर्यंत सोबत करणं सहसा जमत नाही, आणि मध्येच गायब झालेला 'छोटा डॉक्टर' रुग्णाला बराच लागतो. पहिल्याच भेटीत सांगा: "मी अमुक महिन्यापर्यंत आहे, नंतर माझ्या जागी दुसरे येतील." शक्य असेल तर शेवटच्या भेटीला पुढच्या बॅचमधल्याला घेऊन जा आणि ओळख करून द्या.

शिक्षकांनी एका विद्यार्थ्याकडे दोनतीनच रुग्ण द्यावेत, आणि गुण द्यायचेच असतील तर नोंदवहीच्या जाडीवर देऊ नयेत. विद्यार्थ्याच्या रुग्णाला आपल्या गोळ्यांबद्दल काय सांगता येतं ते एकदा स्वतः विचारून बघावं, त्यावर द्यावेत.

पुढच्या विद्यार्थ्यासाठी एक पानच ठेवा आणि ते विभागाच्या किंवा केंद्राच्या कपाटात राहू द्या, स्वतःच्या बॅगेत नाही. त्यावर पूर्ण नाव लिहू नका, निक्षय आयडी पुरे. औषध कधी सुरू झालं, शेवटचं वजन किती, कोणता त्रास झाला, घरात कुणाची तपासणी राहिली, पैसे आले की नाही, स्थलांतर कधी, हे थोडक्यात. त्याखाली काय बोललं तर हा माणूस ऐकतो ते लिहा: लग्न, नातू, रिक्षाचा हप्ता, काय असेल ते. आणि घरी कुणासमोर काय बोलायचं नाही, ते सर्वांत वर.